रविवारचं आजारपण

"आई, झोप! आधी झोप, मग सांगते!"

आई मशीनवर होती. कुणाचा तरी खणाचा ब्लाऊज दुपारी द्यायचा होता, त्याच्या बाह्या लावत होती. पायडल मारायचं थांबवून तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"दहा वाजलेत सकाळचे. झोप कसली?"

"सर येतायत. सर आणि मेट्रनबाई. गल्लीच्या तोंडाशी आहेत, मुल्लाभाभींना घर विचारतायत."

"मग चांगलंच आहे की. चहा टाक."

"अगं, तू आजारी आहेस!"

"मी?"

"दीड महिना झाला."

"कशानं?"

"हृदय."

आईनं छातीवर हात ठेवला, तोही उजव्या बाजूला. मी तिचा हात धरून डावीकडे सरकवला. आज हे सांगताना हसू येतं, पण ते अर्ध्यात अडकतं.

"कुणी सांगितलं त्यांना?"

"मी. शुक्रवारी. कागदावर लिहून दिलंय. आई, तुझ्या पाया पडते, आत्ता काही विचारू नकोस. सरांची सही नाही मिळाली तर माझं पुणं गेलं."

माझं पुणं म्हणजे काय ते आईला माहीत होतं. जूनपासून घरात दुसरा विषयच नव्हता. पण त्यासाठी मी तिला आजारी पाडलंय हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. मला वाटलं, आता एक ठेवून देणार. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं दातानं दोरा तोडला, ब्लाऊजची घडी केली, मशीनवर कापड टाकलं आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी नववीत असताना बाबा गेले, तेव्हापासून दिवसाउजेडी आईला आडवं झालेलं मी बघितलं नव्हतं. मी तिच्या अंगावर चादर ओढली आणि औषधं शोधायला लागले. औषधाची बाटली घरात एकच होती, ती पण खोकल्याची. तीच उशाशी ठेवली.

सर आणि बाई शेजारच्या मुल्लाभाभींशी बोलत उभे आहेत, तेवढ्यात मागचं सांगून टाकते.

मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथं एका दुकानाच्या वर आवटी सरांचं ऑफिस होतं. सीए व्हायचं तर तीन-साडेतीन वर्षं एखाद्या सीएच्या हाताखाली काम शिकावं लागतं, त्याला आर्टिकलशिप म्हणतात. माझं सव्वा वर्ष झालं होतं. आमचा सीनियर जूनमध्ये मुदत संपवून गेला आणि ऑफिसात उरलो सर आणि मी. खाली दिवसभर तारा जुळवायचं टुंग टुंग चालायचं, वर सर मला ओरडायचे.

सर कडक. म्हणजे किती, तर सातचा आकडा नीट काढला नाही म्हणून अख्खं पान परत लिहायला लावणारे. तपकीर ओढायचे, आडनावानं हाक मारायचे. कौतुक करायची वेळ आली की खिडकीबाहेर बघायचे. पण शिकवायचे मात्र जीव तोडून. तेलगिरणीचं ऑडिट असलं की आधी मला गिरणीत उभं करायचे, शेंग कुठून आत येते, पेंड कुठून बाहेर पडते ते बघायला लावायचे, आणि मग वह्या उघडायचे. मला त्याचा कंटाळा यायचा. कपड्यांना तेलाचा वास लागायचा.

त्यात हर्षदाचे फोन. हर्षदा माझी कॉलेजची मैत्रीण, पुण्याच्या एका मोठ्या फर्ममध्ये लागली होती. तिथं मुलांना तीन-तीन महिन्यांच्या नेमणुकांवर फिरवत. तीन महिने चाकणच्या कारखान्यात, मग बँकेत, मग कुठल्या हॉटेल कंपनीत.

"तुझ्या बायोडेटात काय असणार वैजू?" ती विचारायची. "तेलाची गिरणी, हळदीचा व्यापारी, परत तेलाची गिरणी. कोण विचारणार तुला?"

मी वहीत मधोमध रेघ मारून दोन्ही बाजू लिहून काढल्या होत्या. मिरजेच्या बाजूला 'सर शिकवतात' एवढं एकच होतं. पुण्याची बाजू पानभर. एकदा धीर करून मी सरांनाच विचारलं होतं, असं थोडं थोडं सगळीकडे काम केलेलं चांगलं, का एका जागी?

"तीन महिन्यांत चेहरे ओळखता येतात, कोळेकर," सर म्हणाले. "धंदा ओळखायला दुसरा सप्टेंबर यावा लागतो."

ऑडिटचे सगळे कागद तीस सप्टेंबरच्या आत जायचे असत, म्हणून आमच्या धंद्यात सप्टेंबर म्हणजे महापूर. मी मनात म्हटलं, ह्यांना सप्टेंबरला राबायला कुणीतरी पाहिजे, म्हणून हा उपदेश. खरं तर दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांना माणूस हवं होतं आणि ते सांगत होते तेही बरोबर होतं. पण बाविसाव्या वर्षी एवढं कुठं कळतं!

ऑगस्टमध्ये हर्षदाच्या फर्ममध्ये एक जागा निघाली. बुधवारपर्यंत कागद पाहिजेत म्हणाले. पहिल्या वर्षात असते तर मला सहज जाता आलं असतं. वर्ष उलटल्यावर मात्र बदलीला सबळ कारण लागायचं आणि सरांची संमती. हर्षदा म्हणाली, घरातलं आजारपण लिही, सगळे तेच लिहितात. तिनंच कुठल्याशा डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळवून कुरिअरनं पाठवलं. त्यावर आईचं पूर्ण नाव, वय आणि हृदयाचा विकार. मी ते शुक्रवारी फॉर्मला जोडून सरांच्या टेबलावर ठेवलं.

सरांनी दोनदा वाचलं.

"मिरजेहून पुण्याला, उपचाराला?"

अहो, मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून पेशंट गाड्या भरून आमच्याकडे येतात. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"तिथं एक स्पेशालिस्ट आहेत सर. मामाकडे राहणार आहोत." मला मामा नाही.

"कधीपासून आहे हे?"

"जूनपासून."

"आणि तू रोज नऊला हजर?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"बोलायचं की, कोळेकर. सुट्टी दिली असती."

त्या वाक्यानं मला लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं. म्हटलं, पटलं ह्यांना. सरांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवले, म्हणाले, सोमवारी बघू. आणि रविवारी दोघं दारात.

मुल्लाभाभी त्यांना घेऊनच आल्या.

"शकूमावशी आजारी?" दारातूनच त्यांनी आवाज काढला. "या अल्ला! आत्ता तर मशीनचा आवाज येत होता!"

"मी चालवत होते," मी म्हणाले.

"तू? तुला तर बटन टाकता येत नाही."

सर अंगण बघत होते. मेट्रनबाई चपला काढून थेट आत आल्या. सरांच्या बायको एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या, निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती, पण अख्खी मिरज त्यांना मेट्रनबाईच म्हणायची. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की ऐकणारा आपोआप सरळ बसायचा. मोसंब्यांची पिशवी माझ्या हातात देऊन त्या कॉटच्या कडेला बसल्या.

"वहिनी, मी आवटी. बघू हात."

आईनं तोंड न वळवता हात दिला. बाईंनी घड्याळ बघत नाडी धरली. सर खुर्चीवर बसले. कुठलंही छापील काही दिसलं की वाचल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. त्यांनी उशाची बाटली उचलली, लेबल लांब धरून वाचलं आणि परत ठेवली.

"ह्याची मुदत संपलीय, कोळेकर."

"हो सर. टाकते."

बाईंनी हात खाली ठेवला. "वहिनी, कुठं दुखतं?"

आईच्या आधी मीच तोंड उघडलं.

"छातीत," मी म्हणाले. "म्हणजे अधूनमधून, जिना चढताना..."

"तुला नाही विचारलं."

मुल्लाभाभी दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या. मग आईनं कूस बदलली, मेट्रनबाईंकडे बघितलं आणि म्हणाली,

"डावा गुडघा."

"कधीपासून?"

"वरीस झालं. पायडल मारून मारून झालंय काय की. दिवसभर काही वाटत नाही, पण झोपेत कूस बदलली की कळ येते, ओरडावंसं वाटतं. आणि ही दोन बोटं." आईनं उजवा हात पुढे केला. "सकाळी मिटतच नाहीत. कात्री धरता येत नाही. गरम पाण्यात धरून बसते, मग चालायला लागतात."

रोज सकाळी मी ऑफिसला जायच्या घाईत असायचे आणि आई मोरीत पातेल्यात हात बुडवून बसलेली असायची. मला वाटायचं, भांडी भिजवतेय. एकदा तर मी म्हणाले होते, लवकर आटप ना, मला डबा दे.

मेट्रनबाईंनी आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर सरकवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी गुडघा दाबत गेल्या. "इथं? का इथं?" आई सांगत गेली. सर उठून दाराबाहेर गेले. एका जागी आई "आई गं" म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"लागलं का जोरात?"

"नाही हो बाई. कुणी विचारलंच नव्हतं."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी. कुठं ठेवावा कळेना. आई खोटं बोलत नव्हती. मी तिला झोपवलं होतं, तिची झोप खोटी होती, पण तोंड उघडलं तेव्हा तिनं खरं तेच सांगितलं. ते खरं मला माहीत नव्हतं. एका घरात, एका खोलीत राहून माहीत नव्हतं.

मेट्रनबाईंनी लुगडं नीट केलं. छातीचं त्यांनी विचारलंच नाही. उठल्या आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानं मी ट्रे खाली ठेवला.

"दवाखान्यात गुरुवारी हाडांचे डॉक्टर असतात," त्या म्हणाल्या. "वहिनींना घेऊन ये. माझं नाव सांग."

"हो बाई."

सर आत आले, चहा दोघांनी घेतला. सर आईला म्हणाले, "पोरगी कामाला चांगली आहे तुमची." खिडकीबाहेर बघूनच म्हणाले. मग दोघं गेले. मुल्लाभाभी पण, मशीनचं परत काही न विचारताच गेल्या.

आई उठून मशीनपाशी बसली. कापड काढलं नाही.

"माझ्या नावाचा कागद केलायस?"

"हो."

"आजाराचा?"

"सगळे करतात आई. नियमच असे आहेत, खरं कारण चालतच नाही. नुसता एक कागद तर आहे."

"मी आडवी झाले वैजू. तुझ्यासाठी झाले. त्या बाईनं माझे पाय दाबले." आईचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "उद्या जायचं आणि सरांना खरं सांगायचं. सही मिळो, न मिळो. मला शपथा घालता येत नाहीत. सांगतेय."

"हो," मी म्हणाले.

आणि खरंच, मी सांगणार होते. हे कुणाला पटणार नाही, पण रात्रभर मी वाक्यं जुळवत होते. 'सर, माझं चुकलं' पासून सुरुवात करायची, का 'सर, रागावू नका' पासून, एवढंच ठरत नव्हतं.

सोमवारी नऊला पोचले तर सर आधीच येऊन बसलेले. खाली तारा जुळवणं सुरू झालं होतं. मी बसायच्या आत त्यांनी दोन कागद पुढे सरकवले. एक आईचं सर्टिफिकेट.

"हे घरी घेऊन जा. आणि फाडून टाक. त्यावर तुझ्या आईचं नाव आहे."

दुसरा फॉर्म. खाली सरांची सही आणि शिक्का. कारणाच्या रकान्यात मी लिहिलेलं त्यांनी एका रेघेनं खोडलं होतं आणि स्वतःच्या त्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: आमच्या कार्यालयात कामाची विविधता नाही, सबब प्रशिक्षण पुरेसे देता येत नाही.

मी वाचलं. परत वाचलं.

"सर, हे..."

"खोटं नाहीये ते. तेलगिरणी, हळद, तेलगिरणी. तुझ्या वहीत तूच लिहिलंयस. टेबलावर राहिली होती."

त्या दोन बाजूंच्या पानामागे मी हर्षदाची वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. 'ऑफिस खुराडं' असंही लिहिलं होतं.

"पण सर, तुमच्या नावावर हे असं... परत कुणी तुमच्याकडे आर्टिकल म्हणून आलं नाही तर?"

"ते माझं मी बघतो."

"आणि सप्टेंबर?"

"सप्टेंबर दरवर्षी येतो. तुझ्याआधी पण येत होता." त्यांनी तपकिरीची डबी उघडली, मग न ओढताच बंद केली. आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "काही सांगायचंय, कोळेकर?"

सगळं माहीत होतं त्यांना. गुडघ्यापासून मामापर्यंत. नुसतं माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढंही नाही, मला सांगायला जागा करून देत होते. मी तोंड उघडलं. फॉर्म माझ्या हातात होता, सही होती, शिक्का होता. वाटलं, आता खरं सांगितलं आणि ह्यांनी तो परत मागितला तर? बुधवारला दोनच दिवस होते.

"नाही सर," मी म्हणाले. "थँक यू सर."

त्यांनी मान डोलावली आणि समोरची फाईल ओढली. मी माझ्या टेबलावरची पेनं, डबा, छत्री गोळा केली. बाहेर पडताना त्यांनी वर बघितलं नाही. जिना उतरताना मला आनंद झाला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दोन दोन पायऱ्या उतरत गेले मी.

घरी आई दारात वाट बघत होती.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही. सही दिली."

आईनं डोळे मिटले, देवाकडे बघून हात जोडले. "बघ. माणसं चांगली असली की खऱ्याला घाबरायचं कारण नसतं." दुपारी तिनं शिरा केला. मी खाल्ला. बुधवारी कागद दिले, गुरुवारी पुण्याच्या एसटीत बसले. गुरुवारी हाडांचे डॉक्टर असतात हे मला सातारा गेल्यावर आठवलं.

हर्षदानं सांगितलेलं सगळं खरं निघालं. चाकणचा कारखाना, काचेचं ऑफिस, गळ्यात पट्टा. तीन महिन्यांच्या त्या पहिल्या नेमणुकीत मी एकदाही कारखान्याच्या आत गेले नाही. माल कुठून येतो, कुठून बाहेर पडतो, विचारलं तर तिथला सीनियर म्हणाला, तुला काय करायचंय, तू यादीवर टिका मार. चेहरे मात्र सगळे ओळखीचे झाले.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये असताना आईचा फोन आला. खुशीत होती.

"अगं, काल आवटींच्या घरी गेले होते. मेट्रनबाईंनी त्या गुरुवारी स्वतः रिक्षा आणली, मला दवाखान्यात नेलं. तुला बोलले नाही, म्हटलं नवीन नोकरी, काळजी करशील. गोळ्या चालू आहेत, मशीनला मोटर बसवून घ्या म्हणाले डॉक्टर. तर बाईंना एक ब्लाऊज शिवला होता, तो द्यायला गेले."

"सर कसे आहेत?"

"घरभर कागद, बाई! ऑफिस घरीच आणलंय. सर इकडून सांगतायत, बाई तिकडून याद्या लिहितायत. डोळे लाल झालेत दोघांचे. मला बसायला जागा करून दिली. मी म्हटलं त्यांना. म्हटलं, सर, पोरीनं तुम्हाला खरं सांगितलं म्हणून मी आज इथं येऊ शकले. नाहीतर त्या दिवशीच्या सोंगानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"मग?"

"सर लिहितच राहिले. बाईंनी माझ्याकडे बघितलं जरा. मग म्हणाल्या, हो तर. सोमवारी आल्या आल्याच सांगितलं तिनं. रडली पण. गुणाची आहे पोरगी." मग आई मलाच म्हणाली, "रडलीस होय गं? मला नाही बोललीस ते."

समोर हर्षदा ताटातलं लोणचं निवडत होती. कारखान्याचा भोंगा झाला.

"वैजू? ऐकू येतंय ना?"

"येतंय आई."

ह्याला आता सोळा वर्षं झाली. मी सीए झाले, चांगल्या फर्ममध्ये भागीदार आहे. आईला पुण्याला आणलं, तिची बोटं आता बऱ्यापैकी मिटतात, शिवणकाम बंद आहे. आवटी सरांनी माझ्यानंतर आर्टिकल घेतला नाही. त्यांनी घेतला नाही का त्यांच्याकडे कुणी आला नाही, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पाच वर्षांपूर्वी सर गेले. आई एकटी एसटीनं मिरजेला मेट्रनबाईंना भेटायला जाऊन आली. मी क्लोजिंग आहे, हिशेब बंद करायचेत म्हणून सांगितलं. ऑक्टोबर होता. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे कसलंही क्लोजिंग नसतं.

आई माझी बढाई कधी मारत नाही. पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाले, घर घेतलं, गाडी घेतली, त्याचं तिला काही नाही. "करतात सगळेच," म्हणते. पण माझ्या ऑफिसातली पोरं घरी जेवायला आली की ती त्यांना समोर बसवते. तीन महिन्यांसाठी आलेली, सहा आठवड्यांसाठी आलेली, आज इथं उद्या तिथं करणारी पोरं. त्यांना ती रविवारची गोष्ट सांगते, स्वतःच्या उजव्या बाजूच्या हृदयासकट. पोरं पोट धरून हसतात. मग ती हात वर करून त्यांना गप्प करते.

"हसताय काय! दुसऱ्या दिवशी एकटी गेली सरांसमोर आणि सगळं कबूल केलं. सही जाणार हे माहीत असून. रडली, पण बोलली."

मागच्या रविवारी पण तेच झालं. पोरं माझ्याकडे वळली. त्यातली एक चष्मेवाली मुलगी, नुकतीच लागलेली, माझ्याकडे असं बघत होती की मला तिच्याकडे बघवेना.

"खरंच मॅडम?" तिनं विचारलं. "तुम्ही खरंच सांगितलंत?"

आई माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा इतका फुललेला होता.

"हो," मी म्हणाले.